आलिशान गाडीची बॅटरी उतरली तर: बंद दारापासून नव्या बॅटरीच्या नोंदणीपर्यंत

बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी किंवा व्होल्वोसारख्या गाडीची बॅटरी उतरते तेव्हा होणारे मोठे नुकसान सहसा उतरलेल्या बॅटरीमुळे होत नाही. ते घाईघाईने केलेल्या सुटकेमुळे होते. साध्या हॅचबॅकमध्ये कोपऱ्यावरचा मेकॅनिक दोन वायरी लावतो, सेल्फ मारतो आणि पाच मिनिटांत निघून जातो. इथेही तत्त्व तेच आहे, कारण या गाड्यांचे इंजिनही १२ व्होल्टच्याच बॅटरीवर सुरू होते; मात्र त्या बॅटरीच्या मागे अनेक कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीचे वेगवेगळे भाग चालवणारे छोटे संगणक, बॅटरीवर नजर ठेवणारा सेन्सर आणि विजेवर चालणारी कुलपे उभी असतात, आणि चुकीच्या जागी लावलेला एक क्लॅम्प बॅटरीच्या किमतीच्या कितीतरी पट बिल करू शकतो. म्हणून पहिली सूचना अशी की गाडी आपल्याच पार्किंगमध्ये सुरक्षित उभी असेल, तर घाई करण्याचे काहीही कारण नाही.

आधी खात्री: गाडीची बॅटरी की किल्लीची?

रिमोटने दार उघडले नाही म्हणजे गाडीची बॅटरी गेली, असा निष्कर्ष लगेच काढू नये. पुष्कळदा किल्लीतला नाण्याएवढा सेल संपलेला असतो. किल्लीच्या आत दडवलेले धातूचे पाते काढून दार उघडावे. आतले दिवे नेहमीसारखे लागले आणि डॅशबोर्ड उजळला, तर गाडीची बॅटरी ठीक आहे; अशा वेळी मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी, म्हणजे मॉडेलनुसार स्टिअरिंगच्या दांड्याशी किंवा मधल्या कन्सोलमधल्या खाचेत, किल्ली टेकवून स्टार्टचे बटण दाबले की गाडी सुरू होते.

दिवे मंद लागत असतील आणि बटण दाबल्यावर नुसता टक-टक आवाज येत असेल, तर बॅटरी उतरली आहे. काहीच लागत नसेल, तर ती पूर्ण बसली आहे. दिवे लख्ख आहेत आणि तरीही सेल्फ लागत नाही, असे असेल तर दोष ब्रेक पेडलच्या स्विचमध्ये, स्टार्टरमध्ये किंवा अन्यत्र शोधावा लागेल. तिथे जंपर केबल लावून, म्हणजे दुसऱ्या बॅटरीची वीज जोडून ‘जंप’ देऊन, हाती काही लागणार नाही.

शक्य असेल तर मल्टिमीटर वापरावा. काही तास शांत उभ्या असलेल्या गाडीत बॅटरी १२.७ ते १२.८ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली समजावी, १२.२ च्या आसपास ती साधारण निम्मी झालेली असते, १२ च्या खाली बरीचशी रिकामी, आणि १०.५ च्याही खाली गेली असेल तर ती खोलवर उतरलेली आहे, असे धरून पुढची पावले जपून टाकावीत.

दार उघडण्याची रीत

चालकाच्या बाजूच्या दाराच्या मुठीवर बहुधा प्लास्टिकची छोटी टोपी असते आणि तिच्याखाली किल्लीचे छिद्र असते. टोपी कशी काढायची हे मॅन्युअलमध्ये दिलेले असते. जोर लावल्यास तिचा रंग खरवडला जातो. दार असे किल्लीने उघडल्यावर थोडी वीज शिल्लक असेल तर अलार्म वाजू शकतो. त्याने गडबडून जाऊ नये.

ज्या कूपे किंवा कन्व्हर्टिबल गाड्यांच्या दारांना काचेभोवती चौकट नसते, त्यांत दार उघडताना काच आपोआप किंचित खाली सरकते. बॅटरी बसल्यावर ती सरकत नाही. दार हळूच उघडावे, आणि वीज परत येईपर्यंत ते पूर्ण बंद करू नये, कारण काच रबरावर आपटून तडकू शकते.

बोनेटचा खटका बहुतेक गाड्यांत तारेवर चालतो, त्यामुळे बॅटरी नसतानाही तो काम करतो. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीतही तो अनेक जर्मन मॉडेलांत डावीकडच्या सीटच्या पायाशी असतो. चालकाच्या बाजूला शोधत बसण्यात वेळ जातो. डिकीचे कुलूप मात्र पुष्कळ गाड्यांत विजेवरचे असते. ती उघडी सापडली तर काम संपेपर्यंत उघडीच ठेवावी आणि किल्ली आत टाकून झाकण लावण्याचा मोह टाळावा.

वीज नेमकी कुठे जोडायची

बोनेट उघडल्यावर बॅटरी दिसलीच नाही, म्हणून गोंधळणारे अनेक जण असतात. बीएमडब्ल्यूच्या ३ आणि ५ सिरीजमध्ये ती डिकीत असते, ऑडी ए६ आणि ए८ च्या बऱ्याच पिढ्यांतही तीच पद्धत आहे, आणि काही मोठ्या एसयूव्हींमध्ये ती पुढच्या सीटखाली बसवलेली असते. वजनाचा तोल साधणे आणि इंजिनाच्या उष्णतेपासून बॅटरी दूर ठेवणे, ही त्यामागची कारणे आहेत. अशा गाड्यांत जंप देण्यासाठी बोनेटखाली वेगळे बिंदू दिलेले असतात: लाल टोपीखालचे अधिक चिन्हाचे टर्मिनल, आणि गाडीच्या सांगाड्याला पक्का केलेला अर्थिंगचा खुंट. डिकीतली बॅटरी हाताशी असली तरीही जोडणी या पुढच्या बिंदूंवरच करावी.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर एक छोटा सेन्सर असतो, जो बॅटरीत किती वीज आली आणि किती गेली याचा हिशेब ठेवतो. क्लॅम्प थेट ऋण टर्मिनलवर लावला की वीज सेन्सरला वगळून बॅटरीत जाते आणि गाडीचा हिशेब चुकतो. शिवाय तो नाजूक सेन्सर क्लॅम्पच्या दाबाखाली तुटण्याची भीती असते. दुसरे असे की बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडू शकतो, आणि शेवटचा क्लॅम्प लावताना उडणारी ठिणगी बॅटरीपासून जितकी लांब तितकी बरी.

पोर्शेच्या ९११ सारख्या गाडीत हा पेच अधिक मजेदार होतो, कारण बॅटरी पुढच्या झाकणाखाली असते आणि ते झाकण उघडायलाच वीज लागते. त्यासाठी अनेक मॉडेलांत पायाजवळच्या फ्यूज बॉक्समधून एक लाल टर्मिनल बाहेर ओढता येते. त्याला धन आणि दाराच्या कुलपाच्या धातूच्या कडीला ऋण जोडून एवढीच वीज द्यायची, की झाकणाचा खटका उघडेल. या वाटेने इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. ती तार तेवढा भार पेलण्यासाठी नाही.

चार्जर की जंप?

वेळ असेल तर चार्जर, हे माझे ठाम मत आहे. खोलवर उतरलेल्या बॅटरीला जंप देऊन इंजिन चालू केले की अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनाच्या जोरावर वीज तयार करणाऱ्या यंत्राला, एकाच वेळी सगळी गाडी चालवायची असते आणि रिकामी बॅटरीही भरायची असते. शिवाय अर्ध्यामुर्ध्या व्होल्टेजवर जागी झालेली कंट्रोल युनिट भलत्याच चुका नोंदवून ठेवतात. दीर्घ उपाशी माणसाला एकदम पंगतीत बसवत नाहीत, तसेच या बॅटरीचे आहे.

या गाड्यांमध्ये, विशेषतः सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय असलेल्या गाड्यांत, बहुधा एजीएम प्रकारची, म्हणजे आतले आम्ल काचतंतूंच्या थरात शोषून ठेवलेली, बॅटरी असते. तिच्यासाठी एजीएमचा पर्याय असलेला स्मार्ट चार्जर घ्यावा, जो साधारण १४.८ व्होल्टच्या वर जात नाही. चार्जरवरचा ‘रिपेअर’ किंवा ‘रिकंडिशन’ हा पर्याय बॅटरी गाडीला जोडलेली असताना कधीही वापरू नये, कारण त्यात व्होल्टेज १५ च्या बरेच वर जाऊ शकते. मोठ्या सेडानची बॅटरी ८० ते १०५ अँपिअर-तासांची असते, त्यामुळे ५ ते १० अँपिअरच्या चार्जरला ती भरायला सबंध रात्र किंवा त्याहून अधिक वेळ लागणे स्वाभाविक आहे. व्होल्टेज फारच खाली गेले असेल तर काही चार्जर बॅटरी ओळखतच नाहीत. तेव्हा ती काढून बॅटरीवाल्याकडे तपासून घ्यावी लागते.

चार्जरचे क्लॅम्पही बोनेटखालच्या बिंदूंवरच लावावेत, आणि ते लावताना व काढताना चार्जर भिंतीवरच्या बटणावर बंद असावा.

जंप द्यायचीच असेल तर

विमान गाठायचे आहे किंवा गाडी रस्त्यात अडली आहे, अशा वेळी जंप हाच मार्ग उरतो. त्याआधी एक निषेध स्पष्ट शब्दांत: ट्रक किंवा बसवरून जंप कधीही घेऊ नये. महामार्गावर मदतीला पहिला थांबतो तो बहुधा ट्रकचालकच, आणि त्याचा हेतू चांगला असतो. पण जड वाहनांची यंत्रणा सहसा २४ व्होल्टची असते आणि ती आपल्या गाडीची इलेक्ट्रॉनिक्स क्षणात जाळू शकते. विजेवर चालणारी किंवा हायब्रिड गाडीही, तिचे मॅन्युअल स्पष्ट परवानगी देत नसेल तर, मदतीला घेऊ नये.

दुकानात मिळणाऱ्या पातळ वायरी मोठ्या डिझेल इंजिनाला पुरत नाहीत. २५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची केबल घ्यावी. बाहेरून तांबे आणि आतून ॲल्युमिनियम असलेली स्वस्त केबल तेवढ्याच जाडीत कमी वीज वाहते आणि तापते.

दोन्ही गाड्यांचे पत्रे एकमेकांना टेकता कामा नयेत. दोन्ही इंजिने, एसी, दिवे आणि इतर उपकरणे बंद असावीत. बॅटरी फुगलेली असेल, तिला तडा असेल किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर तिथेच थांबावे. पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी शिरून गाडी बुडाली असेल तरीही जंप देऊ नये, कारण तिथे प्रश्न फक्त बॅटरीचा राहिलेला नसतो.

आता क्रम. लाल केबलचे एक टोक उतरलेल्या गाडीच्या धन बिंदूवर आणि दुसरे मदतनीस गाडीच्या बॅटरीच्या धन टर्मिनलवर लावावे. मग काळ्या केबलचे एक टोक मदतनीस गाडीच्या ऋण टर्मिनलवर, किंवा तिच्यातही सेन्सर असेल तर तिच्या अर्थिंगच्या बिंदूवर, आणि शेवटचे टोक आपल्या गाडीच्या अर्थिंगच्या खुंटावर लावावे. मदतनीस गाडी चालू करून काही मिनिटे, आणि आपले इंजिन डिझेल असेल किंवा मदतनीस गाडी लहान असेल तर सुमारे दहा मिनिटे, किंचित वाढवलेल्या वेगावर ठेवावी. या अवधीत आपल्या बॅटरीत थोडीशी वीज जमते, आणि बहुतेक यश याच थांबण्यात असते. त्यानंतर सेल्फ द्यावा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि दोन प्रयत्नांमध्ये किमान एक मिनिट जाऊ द्यावे. दोन-तीनदा जमले नाही तर केबलची पकड पाहावी, टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर पुसावा, आणि तरीही दाद मिळत नसेल तर थांबावे.

इंजिन चालू झाल्यावर केबल लगेच ओढू नये. आपल्या गाडीतला पंखा आणि मागच्या काचेचा हीटर चालू करून दोन मिनिटे थांबावे. केबल काढताना व्होल्टेज एकदम उसळले तर हा भार ती उसळी शोषून घेतो. या कामासाठी हेडलाइट मात्र लावू नयेत. मग लावली त्याच्या नेमक्या उलट क्रमाने केबल काढावी.

खिशात मावणाऱ्या लिथियम जंप पॅकने दुसऱ्या गाडीची गरज उरत नाही, आणि एकट्याने प्रवास करणाऱ्यासाठी तो उत्तमच. तो इंजिनाच्या आकाराला पुरणारा असावा आणि दर दोन-तीन महिन्यांनी चार्ज करावा. विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात तो डॅशबोर्डवर ठेवणे धोक्याचे आहे. आणखी एक साधी गोष्ट: ज्याची डिकी विजेवर उघडते, त्याने तो डिकीत ठेवू नये.

गाडी चालूच झाली नाही तर

ऑटोमॅटिक गिअरची गाडी धक्का मारून चालू होत नाही. बॅटरी बसल्यावर गिअर ‘पी’ मध्ये अडकतो, विजेवरचा पार्किंग ब्रेक सुटत नाही आणि स्टिअरिंगही कुलूपबंद असू शकते. अशा गाडीला दोरी बांधून ओढणे म्हणजे गिअरबॉक्स पणाला लावणे. चारही चाके उचलून नेणारी फ्लॅटबेड हाच योग्य मार्ग, आणि चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाड्यांसाठी तर तो एकमेव.

पुण्या-मुंबईत इथे एक वेगळीच अडचण येते. फ्लॅटबेड ट्रक सोसायटीच्या बेसमेंटमध्ये उतरत नाही, कारण छताची उंची पुरत नाही. आणि खाली मोबाइलला नेटवर्क नसते, म्हणून कंपनीचे ॲपही चालत नाही. रस्त्यावरच्या मदतीचा नंबर फोनमध्ये आधीच साठवून ठेवावा, आणि तक्रार नोंदवतानाच सांगावे की गाडी बेसमेंटमध्ये आहे आणि तंत्रज्ञ जंप पॅक घेऊन यावा. हे न सांगितल्यास बहुधा ट्रक येतो, वर थांबतो आणि परत जातो. विम्याबरोबर घेतलेल्या रोडसाइड असिस्टन्समध्ये जंप देण्याची सेवा सहसा असते. कोपऱ्यावरच्या ओळखीच्या मेकॅनिकला बोलावण्याआधी पॉलिसी एकदा पाहावी.

चालू झाल्यावर डॅशबोर्डवर दिसणारे दिवे

एबीएस, स्थिरता नियंत्रण, एअरबॅग, टायरचा दाब, सगळे इशारे एकाच वेळी पेटलेले पाहून पोटात गोळा येतो, पण त्यांतले बरेचसे कमी व्होल्टेजमुळे आलेले असतात. गाडी उभी असताना स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे आणि मोकळ्या जागेत थोडे अंतर हळू चालवावे. अनेक दिवे विझतात. काचा आणि सनरूफ एका दाबात पूर्ण बंद होत नसतील, तर बटण दाबून पूर्ण वर नेऊन काही सेकंद तसेच धरून ठेवावे, म्हणजे त्यांना आपली शेवटची जागा पुन्हा कळते. एअरबॅगचा किंवा ब्रेकचा दिवा राहिलाच, तर मात्र सर्व्हिस सेंटर गाठावे.

एजीएम बॅटरी अर्ध्या तासाच्या शहरातल्या फेरीत भरत नाही. ती फेरी घरी आणण्यापुरती मानावी आणि घरी आल्यावर चार्जर लावावा. इंजिन चालू असताना मीटरवर साधारण १३.५ ते १४.८ व्होल्ट दिसले तर अल्टरनेटर ठीक आहे असे मानतात. पण नव्या गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटर मधूनमधून हात आखडता घेतो, त्यामुळे एका आकड्यावरून त्याला दोषी ठरवू नये.

बॅटरी उतरली कशामुळे?

हा प्रश्न टाळला तर पुढच्या पंधरवड्यात तोच प्रसंग पुन्हा येतो. गाडी कुलूपबंद झाल्यावर तिची कंट्रोल युनिट एकेक करून झोपी जातात. त्याला वीस-तीस मिनिटे, कधी त्याहून जास्त लागतात. झोपलेली निरोगी गाडी साधारण ५० मिलिअँपिअर किंवा त्याहून कमी वीज घेते. हिशेब करून पाहा: ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. ८० च्या बॅटरीतले निम्मे, म्हणजे ४०, संपायला महिनाभर लागतो. म्हणजे परदेशी मुलाकडे दोन महिने राहून आलेल्या आई-वडिलांची गाडी बंद सापडली, तर तिच्यात काहीही बिघाड नसू शकतो. पण रात्री उभी केलेली गाडी सकाळी बंद असेल, तर काहीतरी जागे राहत आहे.

संशयितांची यादी बाहेरून बसवलेल्या वस्तूंपासून सुरू करावी: पार्किंगमध्येही चालणारा डॅशकॅम, मेकॅनिक आपले निदानाचे यंत्र जोडतो त्या सॉकेटमध्ये खुपसलेला ट्रॅकर, बाजारातून बसवलेला ॲम्प्लिफायर. फास्टॅगवर मात्र उगाच आळ घेऊ नये. त्याला गाडीची वीज लागतच नाही. गाडीजवळच्या खुंटीवर टांगलेली स्मार्ट किल्लीही काही मॉडेलांना वारंवार जागे करते, म्हणून ती लांब ठेवावी. पावसाळ्यात दमट कनेक्टर आणि बाराही महिने उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, हीदेखील नेहमीची कारणे आहेत.

मोजायचे असेल तर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर ऋण केबलभोवती लावावा, दार व बोनेटच्या कुलपांच्या कड्या हाताने फिरवून गाडीला सगळे बंद असल्याचा भास द्यावा, किल्ली लांब न्यावी आणि तासभर थांबून आकडा पाहावा. फ्यूज एकेक करून उपसण्याची जुनी रीत इथे फसवते, कारण फ्यूज परत लावला की झोपलेले युनिट जागे होते. त्याऐवजी जागच्या जागी प्रत्येक फ्यूजच्या दोन टोकांमधला मिलिव्होल्टचा फरक मोजणारा ऑटो इलेक्ट्रिशियन शोधावा.

गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर ‘ड्रायव्हरला रोज दहा मिनिटे चालू करायला सांगितले आहे’ हा उपाय उपयोगाचा नाही. सेल्फ मारताना गेलेली वीज आणि एसीचा भार पाहता एवढ्या वेळात हाती फारसे लागत नाही, आणि बंद बेसमेंटमध्ये धूर कोंडतो तो वेगळाच. आठवड्यातून एकदा महामार्गावर पाऊण तास चालवणे चांगले; कायम जोडून ठेवता येणारा चार्जर त्याहून चांगला, आणि त्यासाठी सोसायटीकडून पार्किंगजवळ सॉकेटची लेखी परवानगी घेऊन ठेवावी.

हायब्रिड आणि विजेवरच्या गाड्या

लाखो रुपयांचा मोठा बॅटरी पॅक भरलेला असूनही विजेवरची गाडी १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीमुळे ठप्प होऊ शकते, कारण मोठ्या पॅकला गाडीशी जोडणारे स्विच या छोट्या बॅटरीच्या विजेवर चालतात. तिला मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या १२ व्होल्टच्या बिंदूंवर जंप पॅक लावावा. गाडी जागी झाली की मोठा पॅक छोट्या बॅटरीला स्वतःच भरतो. मोठ्या पॅकची उच्च दाबाची वीज वाहणाऱ्या नारिंगी रंगाच्या केबलला कोणत्याही कारणासाठी हात लावू नये, आणि सौम्य हायब्रिड, म्हणजे इंजिनाला छोट्या मोटरची थोडीशी मदत असलेल्या, गाड्यांतल्या ४८ व्होल्टच्या यंत्रणेला जंपर केबल जोडू नये.

बॅटरी बदलताना

एजीएमच्या जागी एजीएमच, त्याच क्षमतेची आणि त्याच मापाची बसवावी. साधी बॅटरी स्वस्त मिळते आणि काही महिने चालतेही, पण गाडी तिला एजीएम समजून भरत राहते आणि ती लवकर निकामी होते. बीएमडब्ल्यूमध्ये नवी बॅटरी बसवल्यावर तिची संगणकात नोंदणी करावी लागते, म्हणजे जुन्या, थकलेल्या बॅटरीसाठी बदलत गेलेली भरण्याची पद्धत नव्यावर लागू होत नाही. ऑडीत बॅटरीचे कोडिंग, म्हणजे नव्या बॅटरीची माहिती गाडीच्या संगणकात भरणे, आणि लँड रोव्हरच्या अनेक मॉडेलांत बॅटरी नियंत्रणाचे रीसेट करावे लागते. ‘कोडिंगची गरज नाही, साहेब’ असे म्हणणाऱ्या विक्रेत्याकडे निदानाचे यंत्र नसते, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असेल, तर तिच्या बाजूच्या छिद्रातून निघून गाडीबाहेर जाणारी वायूची बारीक नळी पुन्हा जोडली आहे का, हे स्वतः वाकून पाहावे. घाईत ती सुटी राहते आणि भरताना निघणारा वायू आत साठतो. बॅटरीवरचा उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष वाचून दुकानात पडून राहिलेली जुनी बॅटरी नाकारावी. बिलावर बॅटरीचा अनुक्रमांक आणि नोंदणी केल्याची तारीख लिहून घ्यावी, आणि जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता विक्रेत्याकडेच जमा करून तिची किंमत बिलातून वळती करून घ्यावी.